भेटीचं कारण : सहज

मोहनरावांना ‘नाही’ म्हणण्याची चटक लागली ती नोकरीत. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. इंदापूर तालुक्यातल्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्यांवर, पाण्याची पाळी कुणाची, फाटक किती वेळ उघडं ठेवायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी कधी कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. पैसे खाणाऱ्याला पैशाची गोडी असते, मोहनरावांना नकाराची होती. माणूस हात जोडून समोर उभा आहे आणि आपण शांतपणे चष्मा पुसत “पाळी संपली, आता पुढच्या आवर्तनाला या” असं म्हणतोय, यात त्यांना जे सुख मिळे ते घरी कधी मिळालं नाही.

मग ते निवृत्त झाले आणि रामराम घालणारी माणसं महिन्याभरात ओळख विसरली. बारामतीच्या मार्केट यार्डात एकदा कुणा पेरूवाल्यानं “काका, जरा बाजूला सरका की” म्हटलं, तर मोहनराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. असा माणूस मोकळा राहणं बरं नसतं. पण बारामतीच्या बाहेरच्या अंगाला ‘सहवास’ नावाची बंगल्यांची सोसायटी झाली, मोहनरावांनी तिथं बंगला घेतला, आणि बाकी कुणाला वेळ नाही म्हणून लोकांनी त्यांना चेअरमन केलं. आपण काय करतोय हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मुलगा सुयोग पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत होता. सुट्टीला आला असताना तो सहज बोलून गेला, की हल्ली पुण्यातल्या सोसायट्यांत सगळी घरं एका जाळ्यात जोडतात. फाटकावर कॅमेरा, दाराच्या बेलमध्ये कॅमेरा, प्रत्येक हॉलमध्ये बोलणारा डबा, आणि सगळं मोबाइलवर. पोरगा बोलून पुण्याला गेला, बापानं मात्र ते धरून ठेवलं. मीटिंगा घेतल्या, नाकं मुरडणाऱ्यांना चोऱ्यांची भीती घातली, आणि सहा महिन्यांत सहवासमधलं प्रत्येक घर वायरीनं जोडून घेतलं.

आता पाहुणा आला की वॉचमन आधी त्याचा फोटो काढायचा. मग नाव, गाव आणि भेटीचं कारण टाइप करायचा. ज्याच्याकडे जायचं त्याच्या मोबाइलवर हे सगळं येई आणि खाली दोन बटणं दिसत, हिरवं ‘स्वीकारा’ आणि लाल ‘नाकारा’. कुणी काहीच दाबलं नाही तर पाहुण्यानं माघारी जायचं. रोज सकाळी घराघरातल्या डब्यातून चेअरमनांचा आवाज येई, “सहवासकरांनो, सुप्रभात. ओला कचरा, सुका कचरा…” मोहनरावांच्या घरी, खुद्द त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर, तो डबा बोलायला लागला की त्यांची बायको द्वारकाबाई त्याच्यावर दुधाच्या पातेल्याचं फडकं टाकत. पूर्वी शेजारणी विरजणाला वाटी घेऊन येत आणि वाटीबरोबर तासभर बसत. आता विरजण ग्रुपवर मागायचं आणि वॉचमननं आणून द्यायचं. घरं जोडली गेली तसं एकमेकांच्या दारात कुणी उभं राहीनासं झालं. मोहनरावांच्या लेखी हीच तर प्रगती होती.

द्वारकाबाईंचं माहेर इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचं. आई-वडील जाऊन जमाना झाला होता. माहेर म्हणजे एकटा भाऊ, आबाजी. बायको वारलेली, एकच लेक सोनम, ती करमाळ्याकडे दिलेली. आबाजीची पेरूची बाग होती. माल घेऊन यार्डात आला की उरलीसुरली पिशवी काखेत मारून तो बहिणीकडे यायचा. सोफ्यावर कधी बसला नाही, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून फरशीवर बसायचा. द्वारकाबाई भाकरी थापत, तो शेवग्याच्या शेंगा मोडून देई. बोलणं काय, तर म्हैस आटली, विहिरीला पाणी बरं आहे, अमक्याची सून नांदत नाही. पण ती पिशवी आणि ते बोलणं यावर द्वारकाबाईंचा आठवडा निघायचा.

जाळं आलं आणि आबाजी फाटकावर अडला. वॉचमननं कारण विचारलं, तर हा म्हणाला, “सहज.” बहिणीकडे यायला दुसरं काय कारण असतं? घरातला मोबाइल एकट्या मोहनरावांचा जोडलेला, आणि मोहनराव दुपारी झोपलेले. तास गेला. म्हातारा उन्हात उभा बघून वॉचमनला कीव आली आणि त्यानं आपल्या जबाबदारीवर आत सोडलं. मोहनरावांनी दुसऱ्या दिवशी त्या वॉचमनला काढून टाकलं आणि डाळज गावचा एक नवा माणूस ठेवला. नव्यानं जुन्याची गत ऐकली होती. त्यामुळे पुढच्या वेळी आबाजीनं पेरूची पिशवी वॉचमनकडे दिली आणि तो माघारी गेला.

“अवो, माझा भाऊ फाटकावरनं माघारी गेला,” द्वारकाबाई संध्याकाळी म्हणाल्या.

“नियम सगळ्यांना सारखा. माझ्या भावालाही तोच. येण्याआधी फोन करून यावं माणसानं.”

“माझ्या घरला यायला माझ्या भावानं इचारायचं?”

मोहनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पण आबाजी स्वभावानं गरीब. त्यापुढे तो आधी फोन करून यायला लागला. येणं मात्र कमी झालं. द्वारकाबाईंकडे साधा बटणांचा फोन होता. फसवणुकीचे फोन येतात म्हणून मोहनरावांनी त्यात घरच्या चार-पाच माणसांचे नंबर सोडून बाकी सगळे बंद करून टाकले होते. माहेरचा म्हणून त्यात आबाजीचा तेवढा एक नंबर होता.

तो आबाजी एका सकाळी पेरूच्या बागेत पाणी धरता धरता सरीत बसला आणि उठला नाही. माणसं धावली तोवर सगळं आटोपलं होतं.

गावात अशा वेळी काय करायचं ते कुणाला शिकवावं लागत नाही. लांबच्या लेकीला, सोनमला, तिच्या सासरच्यांना फोन करून आणायचं ठरलं. पण बहीण वयस्कर, तिला रक्तदाब, दुपारची घरी एकटी. तिला मयत फोनवर सांगायची नसते. घरच्या माणसानं गाडी घेऊन जायचं, “आबाला जरा बरं न्हाय, बघायला चला” एवढंच म्हणायचं आणि आणायचं. खरं काय ते उंबऱ्यात आल्यावर चार बायका धरायला असताना कळू द्यायचं. आणि सांगावा घेऊन जाणाऱ्यानं वाटेत तिसऱ्याच माणसाजवळ त्याचा उच्चार करायचा नसतो. रक्ताच्या माणसाआधी परक्याच्या कानावर मयत घालणं म्हणजे मेलेल्याची बेअब्रू.

हे काम सोपानवर आलं. सोपान आबाजीच्या चुलत भावाचा मुलगा, चाळिशीचा, आबाजीच्या जोडीनं शेती करणारा. आबाजीला मुलगा नाही म्हणून अग्नी त्यानंच द्यायचा होता. खरं तर त्यानं मयतापासून हलायला नको होतं. पण आत्याला न रडवता गाडीत बसवून आणील असा दुसरा कुणी घरात नव्हता. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, “द्वारकी आल्याबिगर उचलायचं न्हाय. जा, पण दिवस हाय तवर ये.” सोपाननं डोक्यावरची टोपी उतरवून खुंटीला लावली आणि गाडी काढली. वाटेत, येतोय एवढंच सांगायला, त्यानं आत्याचा फोन लावून पाहिला. त्याचा नंबर त्या चार-पाचांत नव्हता. आबाजीचा फोन आबाजीच्याच खिशात राहिला होता.

त्याच दुपारी सहवासच्या हॉलमध्ये इंदापूरहून पाहुणे आले होते. तिकडच्या एका नव्या सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब आणि त्यांचे चार सभासद. त्यांना आपल्याकडेही असंच जाळं करायचं होतं आणि कुणीतरी मोहनरावांचं नाव सांगितलं होतं. मोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार होते. इतक्या वर्षांनी परगावची माणसं त्यांच्याकडे काही विचारायला येत होती. त्यांनी मोबाइल भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला, म्हणजे मोबाइलवर दिसेल ते सगळ्यांना दिसावं. मध्ये एक-दोनदा निरवांगीकडचा कुणाचा तरी फोन आला, तो त्यांनी कापला आणि बाकीचे फोन येणंच बंद करून ठेवलं. इतक्यात टीव्हीवर घंटी वाजली.

पडद्यावर सोपानचा चेहरा आला, भिंतभर. खाली लिहिलेलं : सोपान, निरवांगी. भेटीचं कारण : सहज.

वॉचमननं कारण विचारल्यावर सोपाननं क्षणभर त्याच्याकडे बघितलं असणार. मग जे आबाजी म्हणायचा तेच तो म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची गावाची सवय खरी, पण इथं तो सवयीनं बोलला नव्हता. तो रीत पाळत होता.

“बघा, योगायोगानं प्रत्यक्षच दाखवता येतंय,” मोहनराव खुलून म्हणाले.

“तुमचे कोण हे?” बापूसाहेबांनी विचारलं.

पडद्यावर दाढी वाढलेला, मातकट सदऱ्यातला माणूस. मोहनरावांना ‘माझ्या बायकोचा भाचा’ असं म्हणता आलं असतं. “गावाकडचे आहेत ओळखीचे,” ते म्हणाले. “दुपारच्या वेळी कुणीही उठून सहज येतं. पूर्वी दार उघडावं लागायचं, चहा टाकावा लागायचा, तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. आता हे असं.” आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

पाहुणे हसले. एकजण म्हणाला, “वाईटपणा घ्यायलाच नको.”

थोड्या वेळानं पुन्हा घंटी वाजली. पुन्हा तोच चेहरा, तेच कारण.

“आणि परत आला तर?” बापूसाहेब म्हणाले.

“परत नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा तर मशीन विचारतसुद्धा नाही,” मोहनराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लाल बटण दाबलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. वर्षानुवर्षांचा सराव होता.

फाटकावर वॉचमननं पडदा सोपानसमोर धरला. “पाव्हणं, सायबांनी सोता न्हाय केलंय. दोन डाव. मला आत सोडता यायचं न्हाय, माझी नोकरी जाईल.”

सोपाननं मामांना, म्हणजे मोहनरावांना, फोन लावला, तो लागला नाही. आता इथं सोपान चुकला, आणि ही चूक त्याच्यासारखाच माणूस करू शकतो. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी मामांना फोन केलाय हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, मामांना कळलंय. कळूनच त्यांनी नाही म्हटलंय. पाहुण्यारावळ्यांत कधी कधी रुसवे असतात, मयतीलाही माणसं येत नाहीत, आणि जावयाच्या घरानं एकदा नाही म्हटलं की भावकी पाया पडत बसत नाही. दोनदा नाही म्हटल्यावर तर नाहीच. यंत्राला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, याचा विचार त्या माणसाच्या मनाला शिवलाच नाही. नकार म्हणजे माणसाचाच असणार. तो गाडीपाशी गेला आणि गावी फोन करून म्हणाला, “आत्याचं घर न्हाय म्हणतंय. तयारी करा. मी निघालो.” त्या फाटकापासून द्वारकाबाईंचं घर हाकेच्या अंतरावर होतं. त्या वेळी त्या ओट्यावर बसून गहू निवडत होत्या.

पाहुणे दिवस कलल्यावर समाधानानं गेले. बापूसाहेबांनी जाताना मोहनरावांचा हात दोन्ही हातांत धरला. मोहनराव घरी आले, फोन पूर्ववत केला, तर निरवांगीचे बरेच फोन येऊन गेलेले. त्यांनी उलटा लावला. पलीकडे कुणी म्हातारा होता. त्यानं आवाज न चढवता सांगितलं, “पाव्हणं, आबाजी गेला सकाळी. तुमी न्हाय म्हणलासा, म्हणून आमी उचलला. आत्ताच अग्नी दिला.”

मोहनरावांनी फोन ठेवला आणि सोपानचा तो फोटो उघडला. डोकं उघडं होतं. हा माणूस शेतात, यार्डात, लग्नात, कधीही टोपीशिवाय दिसला नव्हता. डोळे सुजलेले होते. निरवांगीच्या शेंबड्या पोरानं तो फोटो बघून ओळखलं असतं कुणीतरी गेलंय म्हणून. मोहनराव काही अमेरिकेत वाढले नव्हते, त्याच तालुक्यात जन्मले, त्याच चाऱ्यांवर फिरले. त्यांनी भिंतीएवढा चेहरा बघितला आणि त्यात फक्त मळका सदरा बघितला.

खरं सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. ते स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, “आवर. आबाजीला बरं नाहीये. जाऊन येऊ.”

द्वारकाबाईंच्या हातातलं सूप खाली टेकलं. त्याही निरवांगीच्याच होत्या. ‘बरं नाही’ याचा अर्थ काय होतो हे त्यांना कळत होतं. त्यांनी लुगडं बदललं आणि गाडीत येऊन बसल्या. बारामती मागे पडली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “जोरात घ्या. त्याचं तोंड मी बघायचं ऱ्हाऊ देणार न्हाईत ती. मला सोडून न्हाय उचलायची.”

मोहनरावांनी गाडी जोरात घेतली. कशासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत. वाटेत सांगायला शंभर जागा होत्या. जंक्शन गावात थांबता आलं असतं, कालव्याच्या पुलावर थांबता आलं असतं. प्रत्येक जागा आली की त्यांना वाटे, पुढे सांगू. शेजारी बायको पदर तोंडाला लावून, पुढे वाकून, रस्ता सरावा म्हणून बसलेली. तिला वाटत होतं भावाचा देह अंगणात आपली वाट बघतोय. मोहनरावांना माणसाचा असा राग आणि अशी लाज एकाच वेळी कधी आली नव्हती, आणि दोन्ही स्वतःचीच होती.

गावात शिरताना नीरा नदीकडून माणसं परत येत होती. धोतरं ओली, सदरे पिळून खांद्यावर टाकलेले. द्वारकाबाईंनी ती ओली माणसं बघितली आणि त्यांना कळलं. गाडीचा दरवाजा उघडून चालत्या गाडीतून उतरायला लागल्या तसा मोहनरावांनी ब्रेक दाबला.

दारात सोनम होती. उजनी धरणाच्या पल्याडची लेक वेळेत पोचली होती. ती आत्याच्या गळ्यात पडली. मागे सोपान उभा होता, अंग ओलं, मिशी उतरवलेली.

“सोपाना,” द्वारकाबाई म्हणाल्या, “मला का न्हाय रं आणलंस? बारामतीतनं आणता यीना व्हय मला?”

सोपाननं मामांकडे बघितलं नाही. “आलो हुतो आत्या. तुझ्या फाटकावर हुतो. मामांनी न्हाय म्हणलं. दोन डाव न्हाय म्हणलं.”

अंगणात बायका होत्या, भावकी होती. सगळ्यांनी मोहनरावांकडे बघितलं. मोहनरावांना वाटलं, आता कुणीतरी शिवी देईल, कुणी अंगावर येईल. कुणी आलं नाही. जावई होते ते. एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्यासाठी बाज ओढली आणि घोंगडी झटकली.

“मला माहीत नव्हतं,” मोहनराव म्हणाले. “देवाशपथ. कारण सहज म्हणून आलं होतं. मला काय माहीत?”

द्वारकाबाई नवऱ्याकडे वळल्या. “म्हाईत नव्हतं, तर इचारायचं,” त्या म्हणाल्या. “म्हाईत नसताना न्हाय कसं म्हणलासा?”

लोकांना पाणी नाकारताना मोहनरावांनी आयुष्यभर कारणं दिली होती. आवर्तन, नियम, वरचा आदेश. त्या अंगणात त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

तेराव्यापर्यंत द्वारकाबाई निरवांगीला राहिल्या. सहवासच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली, घराघरातून हात जोडलेली चित्रं आली. दारात मात्र कुणी आलं नाही, कारण मोहनराव एकटे परत आले होते तरी मशीन अजून चेअरमन घरी नाहीत असंच दाखवत होतं. तेराव्याला मोहनरावांनी टोपी-उपरण्याचा दुखवटा नेला. सोपाननं तो घेतला, मामांना नमस्कार केला, गाडीपर्यंत पोचवायला आला आणि “सावकाश जावा” म्हणाला. रागानं काही बोलला असता तर मोहनरावांना घरी जाऊन झोप लागली असती.

घरी परतल्यावर मोहनरावांनी सगळ्यात आधी एक काम केलं. बायकोसाठी चांगला मोठा मोबाइल आणला. त्यात सोसायटीचं सगळं घालून घेतलं, फाटकाची परवानगी स्वतःच्या नंबरवरून काढून तिच्या नंबरवर टाकली. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिच्याजवळ फरशीवर बसले. इतक्या वर्षांत ते तिथं कधी बसले नव्हते. त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला आणि हिरवं बटण बोटानं दाखवलं.

“आता फाटकावर कुणीही आलं तरी तुलाच वाजणार,” ते म्हणाले. “तुझ्या माहेरचं माणूस आलं की हे दाबायचं. मला विचारायचंसुद्धा नाही. लगेच आत.”

द्वारकाबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला. मग पदरानं पुसून त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि त्या कणीक मळायला उठल्या.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच,” त्या म्हणाल्या. “आता माझं कोण यायचं हाय?”